मरळीचं पोट

उंबरपाड्यात चांगुणेच्या हाताला मान होता, आणि तो फुकटचा नव्हता, बारा वर्षांचा होता. टिटवाळ्याच्या अलीकडं काळू नदीच्या काठाला आगऱ्यांची पंधरा-वीस घरं, घरांच्या मागं तळं, आणि त्या तळ्यातल्या विणीच्या मरळींना चारा घालायचं काम तिचं. मरळ म्हणजे काळा, अंगानं दणकट, तोंडानं सापासारखा मासा. पण खायला असा, की कल्याणचे परभू त्याच्यासाठी जीव टाकतात. होळी झाली की चांगुणा मोठ्या माद्या जाळ्यात धरून तळ्याच्या कोपऱ्यात कुडाच्या आड कोंडून ठेवी आणि आषाढापर्यंत आपल्या हातानं खाऊ घाली. मग लव्हाळ्यात अंडी पडत, आणि दोन-चार दिवसांनी लाल पिल्लांचा थवा पाण्यावर येई. पाड्यात त्याला लाली म्हणत. लाली दिसली की बायका म्हणत, "बाय, हात हाय तुजा." एवढ्यावर चांगुणेचं वर्ष सुखात जाई.

सासूनं मरताना तिला एकच शिकवण दिली होती. पोट भरलं तर कूस भरंल, हात आखरू नको. चांगुणेनं तो कधी आखडला नाही. भाताचा कोंडा शिजवायचा, त्यात भिवंडीच्या घाण्यावरची पेंड कुस्करायची, सुकट घालायची, कोणाकडं कोंबडी कापली असली तर आतडी मागून आणायची आणि सगळ्याचे मुठीएवढे गोळे करायचे. तिच्या अंगाला आणि लुगड्याला त्या गोळ्यांचा वास बारा महिने असे. नवरा धाकू जेवताना नाक मुरडी, पण बोलत नसे. तळं कल्याणच्या हरिहररावांचं, राखण धाकूच्या नावावर, आणि ती टिकली होती ती बायकोच्या हातावर, हे त्याला कळत होतं.

हे सगळं ठीक चाललं होतं ते नागी घरात येईपर्यंत.

नागी ही धाकूच्या धाकट्या भावाची, काळूची बायको. माहेर खाडीकडचं, दिवा गावचं. अंगानं काटकुळी आणि बोलण्यात इतकी आखडती, की दोन शब्दांच्या जागी एक आला तरी ऐकणाऱ्यानं समाधान मानावं. भाऊ वेगळे झाले तेव्हा काळूच्या वाट्याला आगगाडीच्या रुळाकडचं शेत आलं. रेल्वेचा भराव घातला त्या वेळी त्या शेतातून माती उचलली होती आणि मागं पुरुषभर खोल खड्डा राहिला होता, उन्हाळ्यातही न आटणारा. वाटणीत खड्डा मिळाला म्हणून सगळा पाडा काळूला हसला, आणि सर्वांत मोठ्यानं कोण हसलं ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या वर्षी नागीनं त्या खड्ड्यात मरळीची एक जोडी सोडली.

"उपाशी दिसतान ग तुजे मासं," चांगुणा तिला विहिरीवर म्हणाली.

"दिसूंदे," नागी म्हणाली आणि घागर उचलून चालती झाली.

चैत्रात हरिहररावांचे कारभारी अण्णा पाड्यावर आले. वडाखाली घोंगडीवर बसले, ताक प्याले आणि म्हणाले, "रावांनी कल्याणला नवं तळं खोदलंय. त्यात मरळ सोडायची. नागपंचमीच्या मुहूर्तावर जिवंत पिल्लं पाण्यात पडली पाहिजेत. ज्या हातची पिल्लं, त्या हाताला नव्या तळ्याची राखण. नाव कागदावर लिहायचं, अगदी बाईचं असलं तरी. रावांनी तसं बोलून दाखवलंय."

चांगुणेनं पदर सावरला. बाईचं नाव कागदावर, हे उंबरपाड्यात कोणी ऐकलं नव्हतं. आपण आजच कल्याणला बोलावणं आल्यासारखं करावं की थोडी लाज दाखवावी, हे ती ठरवत होती, तेवढ्यात अण्णा पुढं म्हणाले, "तुमच्याकडं दोन ठिकाणी मरळ आहे म्हणे?"

दोन ठिकाणी! बारा वर्षं कोंडा शिजवून हाताची सालं निघाली, आणि आज रुळाकाठचं ते डबकं तिच्या तळ्याच्या पंगतीला येऊन बसलं. चांगुणेच्या पोटात जी कळ उठली, ती त्या दिवसापासून काही बसली नाही.

त्या उन्हाळ्यात तिनं मरळींना चारलं ते पाहायला हवं होतं. सकाळी गोळे, दुपारी गोळे, उन्हं उतरताना पुन्हा. धाकूच्या ताटातली सुकट कमी झाली. कोंबडी कोणाकडंही कापली तरी चांगुणा टोपली घेऊन दारात हजर. कुडाच्या आड चार माद्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी होती तिला ती थोरली म्हणे. थोरली आता गोळा दिसला तरी धावत नसे. तिथल्या तिथं कूस वळवून तोंड उघडी, आणि गोळा तोंडाशी आला तरच घेई. चांगुणेला वाटे, भरली. यंदा अशी वीण देईल की लोक बघत राहतील.

चारा घालून झाला की ती वाकडी वाट करून रुळाकडं जाई. भरावाच्या उतारावर करवंदीची जाळी होती, तिच्या आड उभं राहिलं की खड्डा दिसे. नागी लागतील तेवढीच बेडकं, ओढ्यातली बारकी मासळी, कोळंबीची पोरं असलं काहीबाही मडक्यात घेऊन येई. सगळं जितं. ते पाण्यात ओती आणि काठावर बसून बघत राही. मरळ मागं लागे, पाणी उडे, बेडूक लव्हाळ्यात घुसे, मरळ त्याला हुसकून बाहेर काढी. आणि दुसऱ्या दिवशी नागी यायचीच नाही. एक दिवस आड, असा तिचा नेम. चांगुणेनं तीन आठवडे पाळत ठेवून हे हेरलं, तिला भारी आनंद झाला.

"एक दिवस उपाशी ठेवतं मुक्या जिवाला," ती घरी येऊन धाकूला म्हणाली. "जीतं बेरूक खायला धावरवतं त्यांना. आवं, बालतपनाआधी बाईला कोन धावरवतं कं?"

धाकू गवताची दोरी वळत होता. "तू तिच्या डबक्यावं कनाला जातंस?"

"मी नाय जात. वाटंत दिसलं."

"रूल आपल्या वाटंत नाय," धाकू म्हणाला आणि दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं.

पाऊस बसला. आषाढ लागला, आवणीची धांदल सुरू झाली. सगळा पाडा गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. कंबरा धरल्या, पायांच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या. एका दुपारी शेजारची गोमी आवणीवरून धावत आली, ती सगळ्यांना ओरडून सांगतच. "नागीच्या खड्ड्यान लाली आली! ही एवरी!"

सगळा पाडा गेला. चांगुणाही गेली, न जाऊन करते काय. लव्हाळ्याशी तांबडा थवा पाण्यावर उकळत होता, सुपाएवढा. वर येई, श्वास घेई, खाली जाई, आणि त्याच्या खालून एक काळी पाठ हळूहळू फिरे. अंडी पडल्यावर नर मुसळधार पावसात बांधावरून सरपटत शेतात शिरला होता आणि काळूनं त्याचं कालवण केलं होतं, त्यामुळं आता पिल्लांवर आई एकटीच होती. बायका नागीभोवती जमल्या. आणि मग ते झालं, ज्याची चांगुणेला भीती होती. गोमी म्हणाली, "बाय नागे, हात हाय तुजा."

चांगुणेनं तोंडावर हसू आणलं. "डबका लहान, म्हनून लवकर आली," ती म्हणाली. कोणी ऐकलं, कोणी नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे गोमीच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तिच्या तळ्यात लाली नव्हती. ती रोज उजाडता जाऊन लव्हाळं पारखी, कुडाच्या काड्या मोजल्यासारखी एकेक कोपरा बघे. चार माद्या पाण्याशी नुसत्या पडून असत. तिनं गोळे वाढवले. पेंड दुप्पट केली. उरलेले गोळे पाण्यात फुगून वर तरंगू लागले, त्यांच्यावर बुरशी धरली आणि कोपऱ्याला आंबूस घाण सुटली. ती ते तरंगणारे गोळे हातानं गोळा करून फेकी आणि ताजे घाली.

अमावास्या आली. श्रावण लागायच्या आधी घरोघरी वशाट शिजतं, त्या दिवशी धाकूनं पाग, फेकायचं जाळं, खांद्यावर टाकला. "आता वीन व्हायाची नाय," तो म्हणाला. "थोरली कारतो."

"हात लावू नका!"

"नागपंचमीला पाच दिस ऱ्हायलं. कदी विनार ती? पंचमीनंतर?"

त्यानं थोरली काढली. ती धडपडलीसुद्धा नाही, अंगणात पडून नुसते कल्ले हलवत राहिली. धाकूनं विळीवर पोट फाडलं आणि थांबला. आत सगळी चरबी होती. पिवळी, घट्ट, आतड्यांना वेढून बसलेली. त्याच्यात बोट घालून धाकूनं अंड्यांची गाबोळी शोधली, तर ती सापडली करंगळीएवढी, दोऱ्यासारखी चपटी. एकेका मरळीची गाबोळी चांगुणेनं ओंजळीत मावत नाही अशी पाहिलेली होती.

"चरबीनं कोंबलंय सगलं," धाकू म्हणाला. "अंडं धरायला जागा कुठं? तू तिला चारून चारून वांझ केलीस."

हे तो रागानं बोलला असता तर चांगुणेनं भांडून वाट काढली असती. पण तो नुसता बघून बोलला. गोमी कुंपणापाशी उभी होती आणि तिनं हे पाहिलं. तासाभरात पाड्यात कोणाला कळायचं राहिलं नव्हतं. चांगुणेनं त्या दिवशी मरळ रांधली, वाढली, आणि आपण जेवली नाही.

तरी तिचं मन मानेना. सासू खोटी कशी असेल? बारा वर्षांचा हात खोटा कसा असेल? नागी काहीतरी चारते, आपल्याला न दिसणारं. बेडकांत काय असतंय? खाडीकडच्या लोकांना मुळ्या-पाले ठाऊक असतात, त्यातलंच काही मडक्यात असणार. रात्रभर तिच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. त्या मरळीच्या पोटात काय आहे, ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी काळू आणि नागी नदीकडच्या वाफ्यात आवणीला होते, सगळा पाडा तिकडंच. चांगुणा कंबर धरल्याचं सांगून मागं राहिली. दुपारी तिनं धाकूचा गळ घेतला, दोर घेतला, विळा कंबरेला खोचला, एक लहान बेडकी पकडली आणि पाऊस अंगावर घेत रुळाकडं गेली.

लाली काठाजवळच होती. तिनं बेडकी गळाला लावली आणि पाण्यावरून, थव्याच्या बरोबर वरून, हळूहळू ओढली. दुसऱ्यांदा ओढावी लागलीच नाही. खालून काळं तोंड उसळलं, पाणी फाटलं आणि दोर तिच्या तळव्यातून चरचरत गेला. तिनं पाय रोवून खेचलं. मरळ काठावर आली आणि चिखलात अशी उड्या मारू लागली, की चांगुणेला तिच्यावर अंग टाकून बसावं लागलं. विळ्याच्या पाठीनं तिनं तिचं डोकं फोडलं. मग तिथंच, टाकळ्याच्या पानांवर, तिनं तिचं पोट चिरलं.

पोटात काही नव्हतं.

तिनं आतडं पिळून पाहिलं. काही निघालं नाही, बेडकाचं हाड नाही, माशाचा काटा नाही, की पाला-मूळ नाही. चरबीचा मागमूस नाही. गाबोळीची रिकामी पिशवी लोंबत होती आणि कातडीखाली सगळ्या फासळ्या बोटाला लागत होत्या. हिच्या तोंडात बेडकी गेली होती ती गिळण्यासाठी नव्हे, हे चांगुणेच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा ती चिखलात बसली.

पाण्यावर पक्ष्याचा आवाज झाला म्हणून तिनं मान वर केली. खंड्या. एका झेपेत थव्यातलं एक पिल्लू घेऊन तो तारेच्या खांबावर जाऊन बसला. थवा विस्कटला होता. खाली कोणी फिरत नव्हतं, म्हणून पिल्लं चारी दिशांना पसरत होती, आणि पलीकडच्या काठावरून एक बगळा एकेक पाऊल टाकत येत होता. "हाऽऽड!" चांगुणा ओरडली. बगळा हटला, चार पावलं गेला, पुन्हा वळला. खंड्या परत आला. ती गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली, मग कमरेपर्यंत. हातानं पाणी उडवत, ओरडत, तिनं पिल्लं लव्हाळ्याच्या आत हाकलली आणि लुगड्याचा पदर सोडून काठावरच्या दोन काठ्यांना बांधून लव्हाळ्याच्या तोंडाशी आडवा धरला. एक दिवड, पाण्यातली सापीण, पोहत आली. तिला तिनं विळ्यानं मारलं.

जाऊन कोणाला बोलवावं, तर तेवढ्या वेळात बगळा सगळं उरकील. आणि बोलावून सांगावं काय? ती उभी राहिली. पाऊस थांबला, पुन्हा आला. पाय सुन्न झाले, जळवा लागल्या, अंगावरचं ओलं लुगडं गार पडलं. पिल्लं मात्र हळूहळू परत एकत्र आली आणि तिच्या सावलीत, मांड्यांच्या भोवती, वरखाली करू लागली. ती आपल्यावर विश्वास टाकतायत असं काही नव्हतं. त्यांना सावली हवी होती, आणि ती होती.

दिवस कलता नागी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं, हातात मडकं. खड्ड्यात आपली थोरली जाऊ अर्ध्या लुगड्यावर उभी बघून ती थबकली. मग तिला काठावर टाकळ्याची पानं दिसली, पानांवर काय आहे ते दिसलं. ती वाकली, मरळीचा जबडा उघडून गळाची भोकं पाहिली आणि जबडा पुन्हा मिटला.

चांगुणा शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय चारलंस तिला?" शेवटी चांगुणेनंच विचारलं. घसा बसला होता. "पोटान काय नाय तिच्या."

"लाली आली की ती खातच नाय," नागी म्हणाली. "पंदरा दिस झालं, काय खाल्लं नाय तिनं. पिलांकरं येल त्याला चावतं. खायला नाय, हाकलायला."

"आनी आदी?"

"आदी जीतं. एक दिस आर. उपाशी दिसाला ती पोवतं, हुरकतं. बसून खाल्लं तर नुसती चरबी." ती बोलायची थांबली. एवढं ती आयुष्यात एका दमात बोलली नव्हती. "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

बारा वर्षांत चांगुणेनं कोणाला काही विचारलं नव्हतं.

"काळूला सांगशील?"

"काळूला कललं तर तो कुराड घेल. दोगं भाऊ कापून निंगतील." नागीनं मेलेली मरळ उचलून टोपलीत टाकली. "उद्या सक्काली ये. मना आवनी हाय. पिलांवं तू उबी ऱ्हा."

"मी?"

"मंग कोन? त्यांची आय कुठं हाय?"

तेव्हापासून अण्णा येईपर्यंत चांगुणा त्या खड्ड्यात उभी राहिली. सकाळी उजाडता यायचं, दिवस मावळता जायचं. अंधार पडला की नागी काठीनं वेताचा टोपला पिल्लांवर पालथा घाली. कपड्यात गाळून आणलेले पाण्यातले बारीक किडे नागी पिल्लांना थोडेथोडे सोडी, आणि चांगुणा बघे. हात शिवशिवत. दोन वेळा तिनं मडक्याकडं हात नेला, दोन्ही वेळा नागी म्हणाली, "पुरं." पाड्यात बोललं जाऊ लागलं की जावा-जावांची दिलजमाई झाली. धाकूला काय कळलं, काय नाही, देव जाणे; तिसऱ्या दिवशी त्यानं गळ कोनाड्यातून काढला, त्याच्यावर वाळलेलं रक्त पाहिलं आणि घासून जागेवर ठेवला.

आणि हे सगळं करताना तिचा हेवा गेला म्हणाल तर तसंही नाही. उलट वाढला. नागीच्या सुकलेल्या हातांचा हेवा, तिच्या मोजक्या बोलण्याचा हेवा, आणि सगळ्यांत जास्त, ती शिव्या देत नाही याचा. लाज आणि हेवा एकाच पोटात नांदत होते आणि कोणी कोणाला हटवत नव्हतं.

चतुर्थीला दुपारी अण्णा बैलगाडी घेऊन आले. गाडीत गवतात बसवलेली सहा मडकी. रुळाकाठी आले तेव्हा चांगुणा कमरेपर्यंत पाण्यात होती आणि तिच्याभोवती लाली तांबडी उसळत होती.

"वा! चांगुणे, जिंकलीस!" अण्णा ओरडले. खड्डा कोणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मला वाटलंच. बारा वर्षांचा हात आहे."

नागी काठावर होती, तिनं मान हलवली नाही. काळू आवणीवर होता. धाकू गाडीच्या बैलांना धरून उभा होता, त्यानं खाली पाहिलं. चांगुणेनं नागीकडं पाहिलं, नागी काहीतरी बोलेल म्हणून. नागी बोलली नाही. चांगुणेनं तोंड उघडलं, आणि त्या उघड्या तोंडातून नकार बाहेर आला नाही.

अण्णांनी कागद काढून गाडीच्या जोखडावर ठेवला आणि नाव लिहिलं.

मडकी भरताना नागी तिच्याशेजारी वाकली होती. "मी बोलनार नाय," ती हळू म्हणाली. "मना तुज्या तोंडान हात घालायचा नाय. तुजं तोंड तुजं हाय."

धाकू आणि चांगुणा त्याच गाडीतून कल्याणला गेले. रस्ताभर मडक्यातलं पाणी डुचमळत होतं, आणि दर थोड्या वेळानं ती प्रत्येक मडक्याचं झाकण उघडून आत बघे.

नागपंचमीच्या सकाळी हरिहररावांचं नवं तळं बघायला पन्नास-साठ माणसं आली होती. काठाची माती अजून लाल, कच्ची. राव स्वतः छत्री घेऊन उभे होते. श्रावण लागल्यामुळं मासळी बंद होती, पण मासळीकडं बघायला श्रावण आड येत नाही, हे त्यांनीच हसून सांगितलं. चांगुणा पाण्यात उतरली. एकेक मडकं तिरकं करून तिनं पिल्लं सोडली. ती पांगली नाहीत, तिच्याभोवतीच वरखाली करत राहिली, आणि लोक "अहाहा" म्हणाले.

"हात आहे हो बाईंचा!" राव म्हणाले. तिला हवं होतं ते हेच, आणि हेच ऐकायला ती चैत्रापासून जळत आली होती. तिच्या पोटात काहीच हललं नाही.

"अण्णा, हिची रीत लिहून घ्या. पुढल्या वर्षी चूक नको. काय चारतेस गं माद्यांना?"

"जीतं, सरकार. बेरूक, बारकी मासली," चांगुणा म्हणाली. शब्द नागीचे होते आणि ते तिच्या तोंडातून सहज बाहेर आले. "एक दिस आर. उपाशी दिसाला पोवूं द्यायचं. नायतं चरबी धरतं, अंडं नाय."

"वा! आणि पिल्लं झाल्यावर आईला?"

"कायच नाय. ती खातच नाय."

अण्णांचा बोरू चालत होता. राव काठाशी आले आणि पाण्यात डोकावले. "पण मग आई कुठाय? तिलाही आणायची की. पिल्लांवर कोण राहणार? आण तिला उद्या."

धाकूनं पाठ फिरवली. चांगुणा पाण्यात उभी होती. खाली पिल्लं तिच्या सावलीत गोळा झालेली.

"ती नाय, सरकार. मी मारली."

कोणी तरी "आज पंचमी, आज असं नाव काढू नये" असं म्हणालं.

"मारलीस? का?"

"पोटान काय हाय ता बगायला."

हरिहररावांची छत्री एका बाजूला कलली होती. ते मासे खाणारे गृहस्थ होते, म्हणून विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. "काय होतं?"

"कायच नव्हतं," चांगुणा म्हणाली. "तिच्या पोटान कायच नव्हतं. आनी ती माजी नव्हती."

अण्णांनी बोरू थांबवला. कागदावरच्या नावाकडं पाहिलं, रावांकडं पाहिलं, आणि त्या नावावर आडवी रेघ ओढली. "मग कोणाचं लिहू?"

"नागी," चांगुणा म्हणाली. "काळूची नागी. उंबरपारा."